ऐकलं म्हणून गेलं

वनहक्काच्या दाव्याला सर्वांत भक्कम पुरावा कोणता, असं टेबलावर नव्याने आलेला कारकून विचारायचा, तेव्हा मी फाईल उघडून त्याला दंडाची पावती दाखवत असे. वनखात्याची जुनी पावती. पातळ कागद, कार्बनची फिकी पडलेली अक्षरं. वर गुन्ह्याचा नंबर आणि कंपार्टमेंट, मध्ये अतिक्रमण करून नागली पेरल्याची एक ओळ, मग पन्नास-शंभर रुपयांची रक्कम, गार्डची सही आणि तारीख. पाड्यावरची माणसं ही पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवायची आणि सुनावणीच्या दिवशी पेटीसकट घेऊन यायची. ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं, तोच त्यांच्या हक्काचा आधार झाला होता. कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीपासून हा माणूस ही जमीन कसतो आहे, असं खुद्द सरकारनेच त्यावर लिहून दिलेलं असे.

मग तो कारकून पुढचा प्रश्न विचारायचा, आणि तो विचारला नाही तर मला वाईट वाटायचं. गार्डने सांगितल्यावर ज्याने मुकाट्याने जमीन सोडली, त्याचं काय?

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त होण्याआधीची माझी बरीच वर्षं सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडच्या एका आदिवासी पट्ट्यात, प्रांत कचेरीत याच टेबलावर गेली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ हे कायद्याचं पूर्ण नाव. आम्ही 'वनहक्क' म्हणायचो आणि पाड्यावरचे लोक 'प्लॉटचा कायदा' म्हणायचे. नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले आणि त्या वर्षी कचेरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गावात ग्रामसभा आणि तिची वनहक्क समिती, तिच्या वर प्रांतसाहेबांची उपविभागीय समिती, तिच्या वर जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समिती अशी ही उतरंड. मी समितीची सदस्य नव्हते. दावा वाचायचा, पुरावे तपासायचे आणि समितीपुढे टिपणी ठेवायची हे माझं काम. निर्णय समितीचा. पण एका बैठकीत शंभराच्या वर दावे आले, की सदस्य टिपणीची शेवटची ओळ तेवढी वाचतात, हे कचेरीत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यामुळे ती ओळ लिहिताना माझा हात जड व्हायचा.

या कायद्याची प्रस्तावना मला आजही विलक्षण वाटते. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आणि तो दूर करण्यासाठी हा कायदा, असं संसदेने त्यात लिहिलं आहे. कूळकायदा, सीलिंग, जमीन महसूल संहिता असं बरंच काही मी नोकरीत राबवलं. पण आधीच्या कायद्यांनी अन्याय केला अशी कबुली देऊन सुरू होणारा कायदा माझ्या हाती हा एकच आला. इंग्रजांच्या १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने पाडे, देवराया आणि नागलीच्या उतरणींसकट डोंगरच्या डोंगर राखीव झाले. लोक होते तिथेच राहिले, फक्त कागदावर अतिक्रमणदार झाले. म्हणजे माझ्यासमोर पेटी घेऊन बसलेल्या माणसाचा बाप आणि आजा आयुष्यभर कायदा मोडत जगले होते आणि दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं.

कायदा आणि न्याय यांच्यातल्या ओढाताणीबद्दल बोलताना बहुतेक लोक एका बाजूला कोरडा कायदा आणि दुसऱ्या बाजूला कनवाळू माणूस उभा करतात. माझ्या टेबलावर हे असं क्वचितच घडलं. मी पाहिलेला बहुतेक अन्याय कायदा अर्धा पाळल्यामुळे झाला. पावती नाही, नामंजूर. सॅटेलाइटच्या नकाशात शेत दिसत नाही, नामंजूर. मार्चअखेर आली की वरून फोन यायचा, इतके दावे निकाली काढा. मग 'पुराव्याअभावी अमान्य' असा रबरी शिक्काच तयार झाला होता. शिक्का उमटवायला अर्धं मिनिटही लागत नसे.

वास्तविक नियम काय म्हणतो? २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि बारा-अ हा नियम आला. दंडाची पावती किंवा अतिक्रमणाच्या यादीतलं नाव नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. उपग्रहाचं छायाचित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालतं, त्याच्या जागी नाही. तेरावा नियम तर त्याच्याही पुढे जातो. शेताचे बांध, सपाट केलेली जमीन, झोपडीचं जोतं, विहीर, स्मशान, गावदेवाची जागा, गावातल्या वृद्ध माणसाचा लेखी जबाब हे सगळे पुरावेच आहेत. यांतले एकाहून अधिक असले की दाव्याचा विचार व्हायला हवा. अमान्य करायचा तर कारण लिहून कळवायला हवं, कारण साठ दिवसांत वर दाद मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. कारणच कळलं नाही तर तो काय दाद मागणार?

मी या दोन नियमांची झेरॉक्स प्रत्येक बैठकीच्या फाईलला वरच्या बाजूला लावत असे. एका साहेबांना ते रुचलं नव्हतं. 'बाई, तुम्ही आम्हाला कायदा शिकवता का?' असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, 'नाही साहेब, सदस्यांच्या सोयीसाठी लावलंय.' ती झेरॉक्स काढायला त्यांनीही सांगितलं नाही, कारण काढायला सांगितलं असतं तर तेही टिपणीत आलं असतं. त्या दिवशी शिक्का मारून ठेवलेले बरेच दावे फेरतपासणीसाठी ग्रामसभेकडे परत गेले. कनवाळूपणा वगैरे मी काही केला नव्हता. राजपत्रातलं पान फाईलला लावलं होतं.

या शिक्क्याची खरी किंमत पुढे कळली. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की ज्यांचे दावे अंतिमरीत्या अमान्य झाले आहेत त्यांना वनजमिनीवरून हटवावं. २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले याची माहिती राज्यांकडून मागवली गेली. मधल्या पंधरवड्यात आमच्या व्हरांड्यात माणसं नुसती बसून असायची. काही विचारत नव्हती. त्यांतले कित्येक आदल्या वर्षी मार्चमध्ये याच हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले होते, तळपायाच्या भेगांतून रक्त येईपर्यंत चालले होते. अर्ध्या मिनिटात मारलेला शिक्का माणसाला घरातून बाहेर काढायच्या किती जवळ नेऊ शकतो, ते त्या दिवसांत कळलं.

सगळे दावे खरे होते, असं मात्र मी म्हणणार नाही. एका ठेकेदाराच्या नातेवाइकाने २००९ च्या सुमाराला जेसीबी लावून टेकडीचा एक अख्खा उतार साफ केला आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असल्याचा दावा टाकला. तिन्ही वृद्धांचे जबाब एकाच पेनाने लिहिलेले, मजकूरही एकच. मी अमान्यतेची शिफारस केली आणि ती करताना मला जराही कचरायला झालं नाही. त्या भागातला वनरक्षक तरुण पोरगा होता, परभणीकडचा. त्या उतारावर काय काय झाडं होती हे त्याने मला बोटांवर मोजून सांगितलं होतं, बिबला, साग, हिरडा, मोह. सांगताना त्याचा आवाज कापत होता. जंगल राखणाऱ्या माणसालाही न्याय हवा असतो, आणि या टेबलावर बसणाऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवून चालत नाही.

दुसरा प्रकार होता बिगर-आदिवासींचा. त्यांना कायद्याची अट कडक आहे, तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षं. आमच्याकडे एक कुणबी बाई यायची, विधवा, वनजमिनीच्या तुकड्यावर उडीद आणि खुरासणी काढणारी. तिला सगळीकडे एकच सांगितलं गेलं होतं, की या जमिनीचा १९३० पासूनचा ताबा दाखव. असा कागद कुणाकडेच असणं शक्य नव्हतं. पण कायदा तसा ताबा मागतच नाही. मागतो ते एवढंच, की या माणसाचं कुटुंब तीन पिढ्या मुख्यतः वनात राहत आलं असावं आणि पोटासाठी वनावर अवलंबून असावं. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की झालं. या दोन वेगळ्या गोष्टींची गाठ कुणीतरी कधीतरी मारून ठेवली होती आणि पुढच्या प्रत्येकाने ती तशीच पुढे सरकवली होती.

आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षातून तिच्या सासरच्या गावचं कोतवाल बुक काढलं. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाने नोंदवलेलं ते जुनं पुस्तक. पानं हाताला लागली की कडा झडायच्या. नोंदी मोडीत, म्हणून जिल्ह्याहून मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आले. भिंग लावून त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि तिच्या सासऱ्याच्या जन्माची नोंद वाचून दाखवली. बापाचं नाव, जात, पाडा सगळं तिथे होतं, साल १९२१. पंचाहत्तर वर्षांची अट ओलांडून नऊ वर्षं वर. ती बाई नोंदीकडे बघत राहिली, तिला मोडीही येत नव्हती आणि बाळबोधही. 'मामंजींचं नाव हाय का यात?' एवढंच तिने विचारलं. दावा मंजूर झाला. मोजणीत क्षेत्र कमी भरलं, ते दुखणं वेगळं आहे आणि आमच्या तालुक्यातल्या बहुतेक पट्टेधारकांचं आहे. एकर मागितला की गुंठे मिळायचे.

हे हिशेब करताना १९३० हे साल सारखं डोळ्यांसमोर यायचं. २००५ मधून पंचाहत्तर वजा केले की तेच वर्ष येतं. त्याच वर्षी जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून वनकायदा मोडला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. कायदा मोडणाऱ्या त्या माणसांना आपण हुतात्मे म्हणतो, त्यांचे स्तंभ उभे करतो, आणि ते योग्यच आहे. पण तशाच डोंगरात, त्याच कायद्याखाली, पुढची सत्तर वर्षं रोज थोडा थोडा कायदा मोडून ज्यांनी पोरं जगवली, त्यांना आपण अतिक्रमणदार म्हणत आलो. या दोघांत मी फरक करू शकत नाही.

आता ज्या दाव्यासाठी मी हे लिहायला घेतलं, तो सांगते.

दोघे सख्खे भाऊ, महादेव कोळी. बापाने ओढ्याच्या वरच्या अंगाला उतार फोडून दगडी बांध घातले होते. बाप गेल्यावर दोघांनी तो आडवा वाटून घेतला, वरचा थोरल्याला आणि खालचा धाकट्याला. थोरला सातवी शिकलेला होता आणि गावात त्याच्या शब्दाला मान होता. पुढे तो गावचा पोलीस पाटील झाला. पोलीस पाटलाची नेमणूक प्रांतसाहेब करतात. म्हणजे त्याच्या नेमणुकीची फाईल आमच्याच कचेरीत, माझ्या टेबलामागच्या कपाटात होती.

३ मे २००२ ला केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाचं पत्र सगळ्या राज्यांना गेलं, की नियमित होण्यास अपात्र असलेली वनजमिनीवरची अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत काढा. देशभर त्या पावसाळ्यात माणसं हटवली गेली. या गावात गाडी आली तेव्हा गार्ड आणि राउंड साहेब आधी पोलीस पाटलाच्या दारात गेले. ते काही वावगं नव्हतं, सरकारी माणूस गावात आला की आधी तिथेच जातो. ते त्याला म्हणाले, 'पाटील, तुम्हीच सरकारचे. तुम्ही सोडलंत तर गाव सोडेल.' सप्टेंबरातली गोष्ट. नागली निसवून आली होती, महिना-दीड महिन्यात काढणीला येणार होती. त्याने उभं पीक तसंच ठेवलं आणि वरच्या बांधावर जाणं बंद केलं.

गावाने काही सोडलं नाही. धाकट्यानेही नाही. त्याने खालच्या तुकड्यातली नागली काढली, दंड भरला, पावती घेतली. पुढच्या वर्षी परत पेरलं, परत दंड भरला. थोरल्याच्या तुकड्यावर वनखात्याने चर खणून सागाची रोपं लावली.

२००८ ला धाकट्याचा दावा आला. पावत्या, वृद्धांचे जबाब, सगळं चोख होतं. त्याला हक्कपत्र मिळालं, नवरा-बायको दोघांच्या नावाने, कायद्यात आहे तसं. थोरल्याचा दावा आला तो कोरा. १३ डिसेंबर २००५ ला जमीन त्याच्या ताब्यात नव्हती, आणि असा दावा पहिल्याच चाळणीत गळतो. तसाच गळला.

नियमांच्या दुरुस्तीनंतर फेरतपासणीत तो माझ्या हाताखाली आला. सुनावणीला तो माणूस स्वच्छ पांढरा सदरा घालून आला होता. पेटी नव्हती. नेमणुकीचा आदेश तेवढा लॅमिनेट करून आणला होता आणि तो त्याने टेबलावर दोन्ही हातांनी ठेवला. मी म्हटलं, 'पाटील, बसा.' तो बसला नाही. 'बाई,' तो म्हणाला, 'भावानं ऐकलं नाही, त्याचं राहिलं. मी ऐकलं म्हणून माझं गेलं का?'

सुनावणीच्या खोलीत कोणी काही बोललं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आज आहे असंही मी म्हणणार नाही. पण कायद्याच्या तिसऱ्या कलमात हक्कांची यादी आहे, तिच्यात 'एम' अक्षराखाली एक हक्क आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी ज्यांना पुनर्वसनाचा हक्क न देता वनजमिनीवरून बेकायदा काढलं गेलं, त्यांना त्याच जागी किंवा पर्यायी जमीन देऊन वसवण्याचा. या कलमाखाली आमच्या कचेरीत दावा आल्याचं मला आठवत नाही. लोकांना ते माहीत नव्हतं, आणि आम्ही दिलेल्या छापील फॉर्मवर सगळे ताबाच मागायचे.

मी स्थळपाहणीला गेले, सोबत वनपाल, तलाठी आणि वनहक्क समितीचा अध्यक्ष. साग चांगले वाढले होते. रांगांमधून वर चढताना पायाखाली पाचोळा होता आणि पाचोळ्याखालून दगड लागत होते. अध्यक्षाने काठीने पाचोळा बाजूला केला तेव्हा बांध दिसला, कोरड्या दगडांचा, गुडघाभर उंच, उताराला आडवा. वर आणखी एक, त्याच्या वर तिसरा. सागाचं एक झाड तर बांधाचे दगड फोडून मधूनच उगवलेलं होतं. हा बांध जंगलात आपोआप येत नाही. पंचनाम्यात वनपालानेही ते मान्य केलं आणि सही केली. मी त्यांची आभारी आहे, त्यांना ती सही टाळता आली असती.

परत आल्यावर कपाटातली पोलीस पाटलाची फाईल काढली. नेमणूक, मानधन, रजा, आणि मग २००२ च्या ऑक्टोबरातला त्याच्याच हातचा एक अहवाल तहसीलदारांना लिहिलेला. वनखात्याच्या साहेबांनी समक्ष सांगितल्यावरून मी माझी वडिलोपार्जित वहिवाटीची जमीन सोडली आहे, गावातल्या इतरांनाही सोडण्याविषयी समज दिली आहे, माहितीस्तव सादर. खाली आमच्याच कचेरीचा आवक शिक्का. त्याने पावती घेतली नव्हती, पण त्याने आपला ताबा, त्याचा शेवट आणि शेवटाचं कारण या तिन्ही गोष्टी सरकारदरबारी लिहून कळवल्या होत्या, आणि त्या बारा वर्षं माझ्या पाठीशी कपाटात होत्या.

मी टिपणीत सगळं मांडलं. बांधांचा पंचनामा, अहवालाची प्रत, 'एम' कलम, आणि सागाचं नुकसान नको असेल तर कायद्यात पर्यायी जमिनीची तरतूद आहे हेही. बैठकीत दीड तास चर्चा झाली, एका दाव्यावर एवढा वेळ मी कधी पाहिला नव्हता. आक्षेप असा निघाला, की याला काढलं कुणी? नोटीस नाही, पंचनामा नाही, पोलीस बंदोबस्त नाही, बळजबरी नाही. याने स्वतः सोडलं आणि स्वतःच लिहून दिलं. मग बेकायदा काढलं असं कसं म्हणायचं? आक्षेप घेणारे सदस्य दुष्ट नव्हते. शब्दाला धरून त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण शब्दाला धरून तरी ते पूर्ण बरोबर आहे का, हे मला अजून पटत नाही. गणवेशातला माणूस दारात येतो आणि ज्याची नेमणूक सरकारच्या हातात आहे अशा माणसाला सांगतो, की तू सरकारचा, तूच आधी सोड. यात बळ नाही? लाठी उगारली असती तरच ते काढणं झालं असतं का? नोटीस न देता, सुनावणी न घेता, पर्याय न देता सोडायला लावणं, हेच तर बेकायदा. कागद नाही म्हणून काढलं नाही असं म्हटलं, तर ज्या अधिकाऱ्याने नोटीस देण्याचे कष्ट घेतले त्याने काढलेल्याला जमीन मिळेल आणि ज्याला तोंडी सांगून हाकललं त्याला मिळणार नाही. पावतीचं झालं तेच पुन्हा होतं, सरकारचं ऐकणारा दोन्हीकडून उघडा पडतो. मला याचीच सगळ्यात जास्त चीड येते. गावात तो माणूस कायद्याचा चेहरा होता. त्याला नागवून आपण गावाला काय शिकवलं?

उपविभागीय समितीने अमान्यतेची शिफारस केली, जिल्हा समितीने ती कायम केली. या वेळी कारण मात्र लिहून मिळालं, चांगली दीड पानं. ते माझ्या हातून लिहिलं गेलं आणि मी ते प्रामाणिकपणे लिहिलं, समितीचं म्हणणं समितीच्या शब्दांत. त्याला माझी मूळ टिपणी जोडपत्र म्हणून लावली. नोकरीत राहून मला जेवढं करता येत होतं ते तेवढंच होतं, आणि ते पुरेसं नव्हतं.

भावाभावांनी मात्र वाट पाहिली नाही. धाकटा एकदा कचेरीत येऊन म्हणाला होता, 'माझ्यातलं निम्मं दादाला लिहा.' ते लिहिता येत नाही. हा हक्क वारसाने जातो, विकता येत नाही, कुणाच्या नावावर करून देता येत नाही, आणि ते बंधन चांगल्यासाठीच आहे, नाहीतर पट्टे एव्हाना फार्महाऊसवाल्यांच्या घशात गेले असते. तेव्हा त्यांनी काही न लिहिता मधोमध एक नवा बांध घातला. खालचा तुकडा दोघे मिळून कसतात. गावातल्या कुणालाही यात नवल वाटलं नाही. मलाही ते बघून बरं वाटलं. पण थोरल्याचा मुलगा तिशीत आहे आणि धाकट्याला तीन मुलं. दोन म्हाताऱ्यांचा शब्द एवढ्या वारसांमध्ये किती टिकतो, हे महसूल खात्यात आयुष्य घालवल्यावर मला कुणी सांगायला नको. शब्दावर चाललेल्या न्यायाला कागद लागतो, निदान पुढच्या पिढीसाठी तरी.

१८ मे २०२० ला राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात एक नवी पायरी आली. जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येऊ लागलं. तोवर जिल्हा समितीचा शब्द शेवटचा होता. मी तेव्हा निवृत्त झाले होते. थोरल्याचा मुलगा माझ्या घरी आला, सोबत ती दीड पानं आणि जोडपत्र. आम्ही दोघांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अपिलाचा मसुदा केला. त्याला वाटत होतं, बापावर कसा अन्याय झाला याने सुरुवात करावी. मी म्हटलं, सुरुवात बांधांनी कर, तीन बांध, त्यांची लांबी, पंचनाम्याची तारीख, वनपालाची सही. मग अहवाल, मग कलम, आणि बापाचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात त्याच्याच शब्दांत घाल. त्याने ते घातलं.

मागण्या तीन आहेत. 'एम' कलमाखाली पर्यायी वनजमीन मिळावी, साग उभे राहू द्यावेत. हक्कपत्र आई-वडील दोघांच्या नावाने असावं, आई हयात आहे. आणि अपील फेटाळायचं असेल तर समितीने एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं: अधिकाऱ्याच्या तोंडी हुकमावरून जमीन सोडणारा माणूस या कायद्याच्या दृष्टीने काढला गेलेला आहे की नाही. या उत्तराची गरज फक्त या कुटुंबाला नाही. २००२ च्या त्या पावसाळ्यात ऐकणारी माणसं प्रत्येक तालुक्यात होती. ती कुठल्याच यादीत नाहीत, कारण याद्या न ऐकणाऱ्यांच्याच झाल्या.

सुनावणी लागली होती, ती पुढे ढकलली गेली. पाटलांचा २००२ चा मूळ अहवाल कचेरीतल्या फाईलमध्येच आहे आणि आमच्याकडे फक्त त्याची प्रत आहे, म्हणून मूळ फाईल समितीने मागवून घ्यावी असा वेगळा अर्ज आम्ही दिला आहे. त्या अर्जाची पोच मिळाली आहे. पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.